पडण्याचे तिकीट

गावच्या जत्रेत आकाशपाळणा उभा राहिला की पोरांची झुंबड उडते. पाळणा वरून खाली येताना पोटात खड्डा पडतो, आणि खरे म्हणजे त्या खड्ड्याचेच तर पैसे आपण मोजलेले असतात. पण उद्या पाळण्यातून पडून कोणाचा पाय मोडला, तर दोष कोणाचा? पाळणेवाल्याचा, की हौसेने जाऊन बसणाऱ्याचा? हा वाद अमेरिकेत एकदा थेट वरच्या न्यायालयापर्यंत गेला होता. त्याची हकीगत आज सांगायची आहे.

न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंड नावाचा समुद्रकिनारा आहे. गिरण्या-कारखान्यांत राबणारी माणसे सुटीच्या दिवशी तिथे लोटत. उतारावरून घरंगळत जाणारी करमणुकीची गाडी तिथे १८८४ साली सुरू झाली. पुढे १८९७ साली जॉर्ज टिल्यू नावाच्या गृहस्थाने 'स्टीपलचेज' हा बगीचा थाटला. रुळांवरून धावणारे यांत्रिक घोडे हे त्याचे मुख्य आकर्षण. हा टिल्यू मोठा वस्ताद! १९०७ साली बगीचा जळून खाक झाला, तर पठ्ठ्याने लगेच पाटी लावली : जळके अवशेष पाहावयाचे असल्यास दहा सेंट. अशा माणसाला धंदा कोणी शिकवायचा?

१९१४ साली टिल्यू वारला, पण बगीचा चालूच राहिला. तिथे 'फ्लॉपर' नावाचा एक खेळ होता. फ्लॉपर म्हणजे धपकन पाडणारा. चढावर एक पट्टा सारखा वर सरकत असे, पिठाच्या गिरणीचा पट्टा असतो तसा, पण चांगला रुंद. लोकांनी त्यावर उभे राहायचे किंवा बसायचे. तोल गेला की माणूस आडवा, आणि बघ्यांत हशा. दोन्ही बाजूंच्या भिंतींना आणि खालच्या जमिनीला गादी लावलेली होती.

एक धडधाकट तरुण मित्रमंडळींबरोबर तिथे आला. लोक पडताहेत, हसताहेत, हे त्याने उभे राहून पाहिले. एक तरुणी त्याच्यापुढे पट्ट्यावर चढली. पुढे ती त्याची पत्नी झाली. तिच्यामागून तो चढला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पट्ट्याला एकाएकी हिसका बसला, तो पडला आणि गुडघ्याची वाटी फुटली. त्याने कंपनीवर दावा लावला. ज्यूरीने, म्हणजे पंचांनी, त्याच्या बाजूने कौल दिला. अपिलातही तोच निकाल कायम झाला. मग प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे आले. तिथे मुख्य न्यायाधीश होते बेंजामिन कार्डोझो. निकाल लागला १९२९ साली, आणि तो फिरला. फेरसुनावणीचा हुकूम झाला.

कार्डोझोंचे म्हणणे थोडक्यात असे : हिसका बसो वा न बसो, पडण्याचा धोका तर उघड्या डोळ्यांनी दिसत होता. दारावरचे नावच पुरेसा इशारा होते. ज्याने राजीखुशीने धोका पत्करला त्याला नुकसानीची तक्रार करता येत नाही, हे जुने रोमन सूत्र त्यांनी लावले. भित्र्याने घरीच बसावे, असा टोलाही हाणला. बगीच्याच्या दवाखान्यातल्या परिचारिकेची साक्ष होती की, या खेळात आणखीही लोकांना दुखापत झाली, पण हाड कोणाचे मोडले नव्हते. कंपनीच्या अंदाजाने वर्षाला अडीच लाख माणसे फ्लॉपरवर येत.

आता हा टोला लोकांच्या लक्षात राहिला, पण त्याच निकालपत्रात पुढे जे लिहिले आहे ते फारसे कोणी सांगत नाही. धोका छुपा असता, सहज नजरेस येणारा नसता, तर गोष्ट वेगळी होती, असे कार्डोझोंनी स्पष्ट म्हटले आहे. अपघात इतके वाढले असते की खेळ आहे तसा चालू ठेवणेच घातक, तरीही गोष्ट वेगळी होती. माझ्या मते निकालाचे मर्म इथे आहे. पडणे हा खेळाचाच भाग, म्हणून तो खेळणाऱ्याचा वाटा. पण कुजलेली फळी, झिजलेला दोर, ढिला झालेला बोल्ट? तिकीट घेणारा काही पान्हा घेऊन पाळण्याखाली शिरत नाही. त्याने धाडस विकत घेतलेले असते, मालकाची हयगय नव्हे. मात्र पाळणा फिरत असताना उभा राहून हात सोडणाऱ्या पोराची गोष्ट निराळी. शिक्षकबंधूंनी सहलीला निघण्यापूर्वी हा फरक मुलांना जरूर समजावून द्यावा.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. पट्टा सुरळीत चालत होता असाच पुरावा भक्कम आहे, असे न्यायालयाला वाटले. खालच्या कोर्टात साक्षीदारांना समोर बसून ऐकणाऱ्या पंचांना तसे वाटले नव्हते.

शिवाय त्या काळचा कायदा 'सगळे किंवा काहीच नाही' अशा थाटाचा होता. जखमी माणसाकडे थोडाही दोष निघाला की भरपाईचे दार बंद. न्यूयॉर्क राज्याने १९७५ साली हे बदलले. तेव्हापासून जखमी माणसाचा जेवढा वाटा, तेवढी रक्कम भरपाईतून वजा होऊ लागली. खेळांच्या बाबतीत मात्र जाणूनबुजून पत्करलेल्या धोक्याचे तत्त्व तिथल्या न्यायालयांनी पुरते सोडले नाही.

स्टीपलचेज १९६४ साली बंद पडले. फ्लॉपरचा खटला मात्र अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून अभ्यासावा लागतो.