प्राङ्न्याय
प्राङ्न्याय : सक्षम न्यायालयाने अंतिमतः निर्णीत केलेला वाद त्याच पक्षकारांना पुन्हा उपस्थित करू न देणारे दिवाणी प्रक्रियेतील तत्त्व. प्राचीन व्यवहारशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे मिथ्या, संप्रतिपत्ती, प्रत्यवस्कंदन व प्राङ्न्याय असे चार प्रकार मानीत. ‘वादी याच प्रकरणी पूर्वी हरला आहे’, हे त्यांपैकी चौथे. त्यामुळे हे तत्त्व केवळ इंग्रजी कायद्याची देणगी समजणे बरोबर नाही. मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनीच १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय देताना विज्ञानेश्वर व नीलकंठ यांनी उद्‌धृत केलेल्या कात्यायनवचनाचा आधार घेतला.

१८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने त्याच वादकारणावरील दाव्यास मनाई केली. १८७७ च्या संहितेने निर्णीत वादप्रश्नही त्या मनाईखाली आणले. १९०८ च्या संहितेचे कलम ११ याच धर्तीचे आहे. मात्र पहिले न्यायालय नंतरचा दावा चालविण्यासही सक्षम असले पाहिजे, ही त्यातील अट घातक ठरली. मर्यादित अधिकारितेच्या न्यायालयात हरलेला पक्षकार अधिक मूल्याचा दावा वरिष्ठ न्यायालयात लावून तोच प्रश्न उकरून काढू शके. १९७६ च्या दुरुस्तीने आठवे स्पष्टीकरण जोडून ही पळवाट बंद केली. चुकीचा निर्णयही सामान्यतः बंधनकारकच असतो. त्यावर उपाय अपिलाचा. कपटाने वा संगनमताने मिळविलेला निवाडा मात्र बाधक ठरत नाही.