साउथवोल्डचा बिअर-उद्योग

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफक परगण्यातील एका लहान सागरी शहराचा परंपरागत उद्योग. साउथवोल्ड हे उत्तर समुद्रावर, ब्लाइद नदीच्या मुखाजवळ, लोस्टॉफ्टच्या दक्षिणेस सु. १८ किमी.वर वसले असून त्याची लोकसंख्या एक हजाराच्या आसपास आहे. बंदर, मासेमारी व लोहमार्ग हे शहराचे आधार एकामागून एक क्षीण झाले. बिअर-निर्मिती मात्र टिकून राहिली.

१०८६ च्या डूम्झडे नोंदवहीत साउथवोल्डचा उल्लेख मच्छीमारांचे गाव म्हणून आढळतो. बेरी सेंट एडमंड्झ येथील मठाला गावाकडून दरवर्षी २५,००० हेरिंग मासे मिळत. सातव्या हेन्रीने १४८९ मध्ये शहराला सनद दिली. मध्ययुगात एल हे पेय मुख्यतः स्त्रिया घरोघरी तयार करीत. त्याचा भाव व माप यांवर कायद्याचे नियंत्रण असे. साउथवोल्डच्या १३४५ मधील नोंदीत जोहॅना द कॉर्बी या एल करणाऱ्या स्त्रीचे नाव येते. पुढे पंधराव्या शतकात हॉपयुक्त बिअर नेदर्लंड्समधून येऊन इंग्लंडमध्ये रुजली. हॉपमुळे पेय अधिक काळ टिकू लागले.

१६५९ च्या आगीत शहराचा बहुतेक भाग भस्मसात झाला. शहरातील मोकळी हिरवळीची मैदाने या आगीनंतर राखली गेली, असे मानण्यात येते. १६७२ मध्ये सोल उपसागरात द रॉइटरच्या डच आरमाराने ड्यूक ऑफ यॉर्कच्या (नंतरचा राजा दुसरा जेम्स) नेतृत्वाखालील इंग्रज-फ्रेंच आरमारावर अकस्मात हल्ला केला. अर्ल ऑफ सँडविच या लढाईत मारला गेला. लढाई मात्र अनिर्णित राहिली. पुढील काळात वाळू व गोटे साचल्याने बंदराचे महत्त्व कमी होत गेले. हेल्सवर्थला जोडणारा अरुंदमापी लोहमार्ग १८७९ मध्ये सुरू झाला. १९२९ मध्ये तोही बंद पडला.

जॉर्ज व अर्नेस्ट अ‍ॅड्नम्स या बंधूंनी १८७२ मध्ये येथील ‘सोल बे’ कारखाना विकत घेतला. जॉर्ज लवकरच आफ्रिकेस गेला; तेथे मगरीने त्याचा बळी घेतला, अशी कथा सांगितली जाते. अर्नेस्टने व्यवसाय वाढविला व १८९० मध्ये त्याची कंपनी झाली. त्याच वर्षी कारखान्यालगतचे, शहराच्या वस्तीतच उभे असलेले दीपगृह प्रज्वलित झाले.

येथील पारंपरिक बिअर पूर्व अँग्लियातील बार्लीच्या माल्टपासून बनते. पिंपात भरल्यानंतरही जिवंत यीस्टमुळे तिचे किण्वन चालू राहते. गाळ खाली बसण्यासाठी पिंप तळघरात स्थिर ठेवावे लागते आणि उघडल्यावर ते काही दिवसांतच संपवावे लागते. अशा बिअरची दूरवर वाहतूक व साठवण अवघड असल्याने तिची बाजारपेठ स्वाभाविकपणेच जवळपासच्या पानगृहांत राहिली. १९६० नंतर मोठ्या कंपन्यांनी गाळलेली व पाश्चरीकरण केलेली, दूर पाठविता येणारी बिअर देशभर पसरविली. अनेक लहान कारखाने त्यांनी विकत घेऊन बंद केले. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कॅम्रा’ या ग्राहक संघटनेने पिंपातील बिअरचा पुरस्कार केल्याने उरलेल्या लहान कारखान्यांना बळ मिळाले.

स्थानिक इतिहास हा येथील उत्पादनांच्या ओळखीचाच भाग बनला आहे. सोल उपसागराच्या लढाईच्या त्रिशताब्दीनिमित्त १९७२ मध्ये ‘ब्रॉडसाइड’ (जहाजाच्या एका बाजूच्या सर्व तोफांचा एकाच वेळी होणारा मारा) ही बिअर तयार करण्यात आली. २०१० मधील ‘घोस्ट शिप’ ही बिअर नदीपलीकडील वॉल्बर्सविकच्या भुताखेतांच्या दंतकथांवर आधारलेली असून तीत अमेरिकी हॉप वापरतात. क्राफ्ट बिअरच्या नव्या अभिरुचीचा हा परिणाम होय. त्याच वर्षी कारखान्यात आसवनीही सुरू झाली. वितरणकेंद्र २००६ मध्ये शेजारच्या रेडन येथे हलविल्यामुळे जुन्या शहरातील अरुंद रस्त्यांवरील वाहतुकीचा ताण कमी झाला.

तथापि या उद्योगाचे स्थैर्य निर्वेध नाही. वाढता उत्पादनखर्च व कर्ज यांमुळे कंपनीला २०२४ मध्ये बाहेरून भांडवल उभारण्याचे पर्याय तपासावे लागले. कारखाना, पानगृहे व पर्यटन परस्परांवर अवलंबून असल्याने कारखान्याच्या भवितव्याशी शहराचे अर्थजीवन निगडित आहे.