ऑस्ट्रेलियाचे फसलेले प्रजासत्ताक
ऑस्ट्रेलियात राजपद ठेवावे की प्रजासत्ताक व्हावे, या वादाला धार आली ती १९७५ मध्ये. ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरल जॉन कर यांनी कनिष्ठ सभागृहात बहुमत असलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. राणीच्या प्रतिनिधीचे अधिकार निव्वळ शोभेचे नाहीत, हे तेव्हा लोकांना कळले. पुढे १९९१ मध्ये प्रजासत्ताकवाद्यांची संघटना उभी राहिली आणि पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी हा विषय सरकारी कार्यक्रमात आणला. त्यांच्यानंतर आलेले जॉन हॉवर्ड मात्र राजपदाचे समर्थक होते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये कॅनबेरात १५२ प्रतिनिधींची घटना परिषद भरली. प्रजासत्ताकाला तत्त्वतः ८९ विरुद्ध ५२ अशी मान्यता मिळाली; खरे भांडण राष्ट्राध्यक्ष निवडायचा कोणी, यावर होते. मान्य झालेल्या आराखड्यात ही निवड संसदेच्या दोन-तृतीयांश मतांवर सोपवली होती. थेट निवडणूक हवी असणारे अनेक प्रजासत्ताकवादी त्यामुळे बिथरले. पुढारी आपल्यातल्याच कुणाला तरी बसवतील, हा त्यांचा आक्षेप. तो राजनिष्ठांनी उचलला आणि राणीचे गुणगान जवळपास बाजूला ठेवून प्रचार केला. डावपेच म्हणून ही चाल बिनतोड होती.

घटनादुरुस्तीसाठी एकूण बहुमताबरोबरच सहापैकी चार राज्यांचेही बहुमत लागते. ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के मते विरोधात पडली. एकही राज्य अनुकूल नव्हते. होकार आला तो फक्त राजधानी क्षेत्रातून.