लिथियम-आयन बॅटरीतील नॅनोपदार्थ

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ॲनोडमध्ये शिरतात, वापरताना परततात. मधल्या द्रवातून ते भराभर जातात, खरा वेळ लागतो तो घन कणाच्या आत मुरायला. हा वेळ कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो : १० मायक्रॉनचा कण १०० नॅनोमीटरवर आणला, की हा वेळ दहा हजार पटींनी घटतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट हे याचे उत्तम उदाहरण. पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी १९९७ मध्ये पुढे आणलेला हा पदार्थ स्वस्त आणि सुरक्षित, पण विजेचा अगदी मंद वाहक. कण बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप दिल्यावरच तो कामाचा झाला. आज ई-रिक्षा व बसगाड्या त्यावर धावतात.

ॲनोडमधल्या सिलिकॉनची अडचण वेगळी. ग्रॅफाइट ग्रॅममागे ३७२ मिलिअँपिअर-तास साठवते, सिलिकॉन सुमारे ३,६००. मात्र लिथियम घेताना ते फुगून जवळपास चौपट होते आणि कण फुटतात. सुमारे १५० नॅनोमीटरहून लहान कण हा ताण सोसतात. सिलिकॉनच्या नॅनोताराही तो न फुटता सोसतात, हे स्टॅनफर्डमध्ये यी कुई यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले.

या लाभाची किंमत पृष्ठभाग वसूल करतो, आणि जाहिरातींत नेमके तेच गाळले जाते. कण बारीक झाले की पृष्ठभाग वाढतो, त्यावर द्रवाच्या विघटनातून थर साचतो आणि त्यात लिथियम कायमचे अडकते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली पूर्ण चार्ज करून ठेवलेला लिथियम बॅटरीचा फवारणी पंप न वापरताही क्षमता गमावतो, त्याचे एक मोठे कारण हेच. तो सावलीत, अर्धवट चार्ज करून ठेवणे चांगले. शिवाय नॅनोभुकटी भुसभुशीत असल्याने तेवढ्याच जागेत माल कमी मावतो; म्हणून हे कण कार्बनसह मायक्रॉन आकाराच्या गोळ्यांत बांधतात.

महाराष्ट्रात असे संशोधन पुण्याच्या पाषाण परिसरातही चालते : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर आणि सी-मेट या संस्थांत. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने रासायनिक प्रयोगशाळेत कडुनिंबाच्या वाळक्या पानांपासून सूक्ष्म छिद्रांचा कार्बन केला. तो मात्र बॅटरीसाठी नव्हे, तर सुपरकॅपॅसिटर या वीज साठवणाऱ्या वेगळ्या साधनासाठी होता. डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी कंपनीने आयसर पुणेच्या सहकार्यातून घडलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. सोडियम ग्रॅफाइटमध्ये नीट सामावत नाही. म्हणून अशा बॅटरीत सहसा नॅनोछिद्रे असलेला कठीण कार्बन ॲनोड म्हणून वापरतात.