पडद्यावरील पिस्तूल

१९०३ सालीं अमेरिकेंतील एडिसनच्या चित्रसंस्थेसाठीं एडविन पोर्टर यांनीं ‘दि ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा सुमारें १२ मिनिटांचा मूकपट तयार केला. आगगाडीवर दरोडा, दरोडेखोरांचा पाठलाग आणि अखेर त्यांचा निःपात, एवढेंच त्याचें कथानक. परंतु त्यांतील एक दृश्य कथानकाच्या बाहेरचें आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या पडदा व्यापून उभा राहतो आणि थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो. हें दृश्य आरंभीं दाखवावें कीं शेवटीं, हें खेळ करणारानें आपल्या मर्जीप्रमाणें ठरवावें, अशी मोकळीक संस्थेनें दिली होती. याचा अर्थ उघड आहे. कथेला त्या गोळ्यांची गरज नव्हती. ती तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला होती. त्या पिस्तुलाचा पुढील प्रवास कसा झाला, हें आज थोडक्यांत पाहूं.

पुढें बोलपट आला आणि पिस्तुलाला आवाज फुटला. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. चोरट्या दारूच्या धंद्यावर गबर झालेल्या टोळ्यांच्या बातम्यांनीं वर्तमानपत्रें भरून जात, आणि त्यांतूनच टोळीवाल्यांच्या चित्रपटांची लाट उसळली. १९३१ सालीं ‘लिटल सीझर’ व ‘दि पब्लिक एनिमी’ आले, १९३२ सालीं ‘स्कारफेस’. प्रत्येकांत शेवटीं गुन्हेगार मरतोच; परंतु प्रेक्षक त्याचें मरण चित्रगृहांतच ठेवून येतो आणि त्याची ऐट तेवढी घरीं घेऊन जातो, अशी समाजहितचिंतकांची तक्रार होती. ‘स्कारफेस’ला तर ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचें उपशीर्षक जोडावें लागलें व गुन्हेगारीच्या निषेधाचा एक प्रवेश मुद्दाम घालावा लागला. चित्रपटधंद्यानें १९३० मध्यें स्वतःसाठीं नीतिनियम केले होतेच. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या देखरेखीखालीं ते कडकपणें अमलांत येऊं लागले.

तेव्हां पिस्तूल म्यान झालें काय? ‘दि पब्लिक एनिमी’मध्यें टोळीवाला रंगविणारा जेम्स कॅग्नी हा नट १९३५ सालीं ‘जी-मेन’ या चित्रपटांत सरकारी तपास-अधिकारी होऊन आला. नट तोच, वॉर्नर ही निर्माती संस्था तीच, गोळीबारही तसाच. फक्त पिस्तूल आतां कायद्याच्या हातांत होतें. चित्रप्रकार सहसा मरत नाहींत, ते वेष पालटतात. बंदीनें पिस्तूल गेलें नाहीं; तें कोणी चालवावें एवढेंच ठरलें.

बंधनांचा दुसराही एक परिणाम झाला आणि तो कलेच्या हिताचा होता. जें उघड दाखवितां येत नाहीं, तें सुचवावें लागतें. १९६० सालच्या ‘सायको’मध्यें हिचकॉक यांनीं स्नानगृहांतील खून लहान लहान तुकडे जोडून असा रचला कीं, सुरी देहांत शिरतांना जवळजवळ दिसतच नाहीं. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. तरी पाहणाराचा थरकाप होतो!

पुढें व्हिएतनामचें युद्ध दूरचित्रवाणीवरून अमेरिकन घरांत शिरलें आणि जुने नियम ढिले पडले. १९६७ सालीं ‘बॉनी अँड क्लाइड’ आला. १९६८ मध्यें नियमावली जाऊन वयानुसार वर्गवारी सुरू झाली. १९६९ सालीं पेकिनपा यांनीं ‘दि वाइल्ड बंच’मध्यें मरणाऱ्या माणसाचें कोसळणें संथ गतीनें दाखविलें. मरण भयंकर आहे तसें दिसावें, हा हेतु. परंतु संथ केलेलें मरण डोळ्यांना सुंदरही वाटूं लागलें, आणि मागाहून आलेल्या अनेकांनीं तें सौंदर्य तेवढें उचललें.

ही संथ गति जपानच्या कुरोसावा यांनीं १९५४ सालच्या ‘सेव्हन सामुराई’मध्यें अगोदरच वापरली होती. त्याच कथेवरून १९६० सालीं अमेरिकेंत ‘दि मॅग्निफिसंट सेव्हन’ निघाला, आणि तिचे धागे १९७५ सालीं आपल्याकडील ‘शोले’त विणले गेले. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो ५ वर्षांहून अधिक काळ चालला, हें अनेकांस आठवत असेल. मूळ शेवटांत ठाकूर गब्बरला स्वतःच्या पायांखालीं ठार करतो. माजी पोलिस अधिकाऱ्यानें असा सूड घ्यावा, हें आणीबाणीच्या त्या काळांत चित्रपट-परीक्षकांस रुचलें नाहीं. म्हणून ऐन वेळीं पोलिस येतात असा शेवट करण्यांत आला. मूळ शेवट असलेली प्रत २०२५ सालीं इटलींतील बोलोन्या येथें दाखविण्यांत आली. येथेंही ‘जी-मेन’चाच न्याय दिसतो. चित्रपटभर माणसें पडत असतां वाद झाला तो शेवटचा घाव कोणी घालावा, यावर.

त्याच चित्रपटांत गब्बर एका लहान मुलावर बंदूक रोखतो. गोळी सुटते, आणि दृश्य एकदम धडधडत येणाऱ्या आगगाडीकडे वळतें. मूल पडतांना आपल्याला दिसत नाहीं. दिसतात तीं पांढऱ्या कापडाखालीं ओळीनें ठेवलेलीं शवें, आणि त्यांच्यासमोर उभा असलेला घरचा कर्ता पुरुष. १९०३ ची आगगाडी करमणुकीसाठीं धांवली होती. ही आगगाडी शोक घेऊन येते.

पडद्यावर रक्त किती सांडलें, हें मोजण्यांत आपण पुष्कळ काळ घालविला. मुलांना घेऊन चित्रगृहांतून परततांना मला दुसराच प्रश्न विचारावासा वाटतो: जो मेला, त्याच्यापाशीं चित्रपट क्षणभर तरी थांबला काय? थांबला असेल, तर त्या पिस्तुलाचा आवाज आपल्याला शहाणें करील. थांबला नसेल, तर ती गोळी पुन्हा आपल्यावरच झाडलेली आहे, असें समजावें.