बद्रुद्दीन तय्यबजी : सभामंचावरून न्यायासनाकडे

तेलंग (१८८९), रानडे (१८९३), तय्यबजी (१८९५) आणि चंदावरकर (१९०१) या चौघांची मुंबई उच्च न्यायालयावर नेमणूक झाली ती सार्वजनिक कार्यात नाव मिळविल्यानंतर. सरकारने त्यांना न्यायासन देऊन चळवळीतून अलगद उचलून घेतले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तय्यबजींचे चरित्र पाहता हे विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

१८६७ साली बॅरिस्टर होऊन आलेले तय्यबजी १८८३ च्या इल्बर्ट बिलाच्या वादात तेलंग व फिरोजशहा मेहता यांच्या बरोबरीने बोलले. १८८७ साली ते मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हिंदू वा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी विरोध असलेला विषय चर्चेस घेऊ नये, हा १८८८ चा काँग्रेसचा नियम त्यांच्याच आग्रहाचे फळ होय.

खरी कसोटी १८९७ साली लागली. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पार्सन्स व रानडे या न्यायमूर्तींनी जामीन नाकारला. पुढे दावरांनी तोच अर्ज तय्यबजींपुढे मांडला आणि ४ ऑगस्टला तो मंजूर झाला. आरोपी खटल्यास हजर राहील की नाही, एवढाच जामिनाचा प्रश्न, ही त्यांची भूमिका होती. टिळकांच्या राजकारणाशी त्यांचे जमत नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. (हेच दावर १९०८ साली न्यायासनावरून टिळकांना जामीन नाकारतात आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा देतात. त्यांचा मात्र राजकारणाशी फारसा संबंध नव्हता!)

खुद्द खटला स्ट्रॅची यांच्यापुढे चालला आणि तो एका शब्दावर फिरला. कलम १२४-अ मधील ‘डिसअफेक्शन’ म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ त्यांनी ज्यूरीस सांगितला. उपसर्गाच्या व्युत्पत्तीवरून शब्दाचा रूढार्थ ठरविणे भाषाशास्त्रास मान्य होणारे नाही. शत्रुत्व आणि उदासीनता यांतील भेदच त्याने पुसला जातो. सहा युरोपियन ज्यूरर विरुद्ध तीन हिंदी, अशा मताने टिळक दोषी ठरले व त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १८९८ साली कलमात दुरुस्ती होऊन ‘डिसअफेक्शन’मध्ये राजनिष्ठेचा अभाव व शत्रुत्वाच्या सर्व भावना अंतर्भूत असल्याचे नमूद करण्यात आले.

तय्यबजींनी १९०२ साली काही काळ मुख्य न्यायाधीशाचे काम पाहिले. १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुसलमानी शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. काँग्रेसपासून दूर राहणारी मंडळी तेथे बहुसंख्य होती. पदावर असलेल्या या न्यायमूर्तीने त्यांच्यासमोर आपण काँग्रेसचे समर्थक असल्याचे उघडपणे सांगितले. १९०६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते न्यायमूर्तीच होते.