साखर कारखान्यांतील बाष्पीभवन पात्रांची सफाई

उसाचा रस आटवून पाक करणाऱ्या पात्रांच्या नळ्यांवर बसणारे क्षारांचे कठीण पुट काढून टाकण्याची क्रिया. सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखरधंद्याच्या वाढीबरोबर या कामाचे तंत्रही विकसित झाले.

कारखाने निघण्यापूर्वी कृष्णाकाठी गुऱ्हाळांतून गूळ तयार होई. उघड्या काहिलीचा तळ खरवडणे सोपे असे. १९३२ च्या संरक्षण कायद्यानंतर देशात साखर कारखाने वेगाने वाढले. फलटणजवळील साखरवाडीचा कारखाना त्याच दशकातील होय. १९४९ मध्ये साताऱ्यापासून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सहकारी चळवळीतून सांगली येथे वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने, तसेच रेठरे बुद्रुक, साखराळे इ. ठिकाणी कारखाने उभे राहिले.

या कारखान्यांत नॉर्बर्ट रिल्यू यांनी १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिद्ध केलेली बहुपात्री पद्धत वापरतात. एका पात्रातील रसाची वाफ पुढील पात्राला उष्णता पुरविते व अखेरचे पात्र निर्वात ठेवतात. रसातील घन पदार्थांचे प्रमाण सु. १५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत नेताना रसाच्या वजनाच्या सु. तीन-चतुर्थांश पाणी उडून जाते. रस स्वच्छ करण्यासाठी चुना व गंधकाचा धूर वापरल्यामुळे कॅल्शियमची लवणे रसात राहतात. पहिल्या पात्रांत मुख्यतः फॉस्फेटे व कार्बनी द्रव्ये, तर शेवटच्या पात्रांत सिलिका व कॅल्शियम सल्फेट साचतात. हे पुट उष्णतेचे दुर्वाहक असल्याने वाफ व चिपाड अधिक खर्ची पडते आणि एका पात्राची गती मंदावताच सर्व मालिकेची गती कमी होते.

म्हणून गाळप हंगामात साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी पात्रे धुतात. प्रथम दाहक सोड्याचा विद्राव काही तास उकळतात. नंतर गरजेप्रमाणे संक्षारणरोधक घातलेले विरल हायड्रोक्लोरिक अम्ल वापरतात. उरलेले पुट लवचिक दांड्याला जोडलेल्या फिरत्या ब्रशाने एकेका नळीतून खरवडतात. गाळप थांबले की तोडलेल्या उसातील साखर घटते. त्यामुळे हे काम घाईने उरकण्याकडे कल असतो.

या घाईचा भार पात्रात उतरणाऱ्या कामगारावर पडतो. आत उष्णता असते, हवा अपुरी असते. अम्ल व लोखंड यांच्या संयोगाने ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निर्माण होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६ व्या कलमानुसार पात्र वायुमुक्त असल्याचा सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला असल्याशिवाय, अथवा श्वसनसाधन व बाहेरून धरलेला दोर असल्याशिवाय, आत उतरता येत नसे. पुढे उच्च दाबाच्या पाण्याचे झोत प्रचारात आल्याने हाताने खरवडण्याचे श्रम कमी झाले. १९७५ मध्ये स्थापन झालेली व १९८९ पासून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी मांजरी येथील संस्था साखर तंत्रज्ञानाचे संशोधन व प्रशिक्षण करते.

अणुवीज केंद्रांतील बाष्पजनित्रांतही हाच प्रश्न उद्‌भवतो. तेथे नळ्यांभोवती साचलेला लोहाच्या ऑक्साइडांचा गाळ पाण्याच्या झोताने वा रसायनांनी काढतात. मात्र प्रारणामुळे माणसाचा वावर मोजून ठेवावा लागतो. साखर कारखान्यात असे प्रारण नसते. तेथे कामगाराचे रक्षण दाखला, दोर व पात्र निवेपर्यंत थांबण्याची तयारी यांवरच अवलंबून राहते.